डुकराच्या मांसाचे वाळवलेले खाऊ: पोषण आणि स्वयंपाकातले वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्क रिंड, जर्की, बाक्वा, फ्लॉस यांच्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवली. घाईत असाल तर हवा तो प्रश्न गाठा. पहिला मात्र गाळू नका. निम्म्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

१. 'वाळवलेलं पोर्क' म्हणून जे मिळतं ते सगळं एकच ना? फक्त नावं वेगळी?

प्राणी एक, पदार्थ मात्र दोन जातींचे. काही कातडीचे, काही मांसाचे.

कातडीच्या बाजूला पोर्क रिंड येतं. कातडी शिजवायची, आतली चरबी खरवडायची, कडक वाळवायची आणि मग तापलेल्या तेलात फुलवायची. चरबीचा थर तसाच ठेवला तर फुगणं कमी आणि कडकपणा जास्त, त्याला क्रॅकलिंग म्हणतात, ब्रिटनमध्ये स्क्रॅचिंग. मेक्सिको आणि फिलिपिन्समध्ये 'चिचारोन', थायलंडमध्ये 'खॅप मू'. सर्बियातले 'च्वार्त्सी' जरा निराळे: डुकराची चरबी कढवून काढल्यावर खाली उरतात ते तुकडे. नावावर फार विसंबू नका. पेरूमध्ये चिचारोन मागितलं तर तळलेल्या मांसाचे तुकडे ताटात येतील.

मांसाच्या बाजूला तीन मुख्य प्रकार. जर्की म्हणजे चरबी काढलेल्या मांसाच्या मसाला लावून वाळवलेल्या पट्ट्या. बाक्वा मूळचा चीनच्या फुजियान प्रांतातला. सिंगापूर आणि मलेशियात चिनी नववर्षाला त्यासाठी रांगा लागतात. मांसाचे पातळ काप किंवा खिम्याची पोळी साखर-सोया सॉसमध्ये मुरवून आधी सुकवतात, मग निखाऱ्यावर भाजतात. आणि पोर्क फ्लॉस, चिनी नाव रोउसोंग: शिजवून शिजवून धागे सुटलेलं मांस कढईत परतत कोरडं करायचं, इतकं की हातात घेतलं तर पिंजलेला कापूस वाटावा.

पोषण, साठवण, वापर, धोका, काहीही विचारा. माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे. कातडी की मांस? आणि वाळवण्याआधी शिजवलं होतं का?

२. रिंड इतकं फुगतं कसं? मी घरी कातडी तळली तर दगड झाला.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण बहुतेक जण इथे मधल्या दोन पायऱ्या गाळतात.

कच्च्या कातडीत कोलॅजेन नावाचं धागेदार प्रथिन घट्ट विणलेलं असतं. ती तशीच तळली तर आवळते, कडक होते, फुगत नाही. आधी पाण्यात तास-दीड तास मंद शिजवावी लागते, म्हणजे कोलॅजेनचं जिलेटिन होतं. बोट सहज रुतलं पाहिजे, पण उचलताना तुकडा फाटता कामा नये. मग गरम असतानाच उलटी टाकून चमच्याने आतली चरबी खरवडायची. गार झाल्यावर हे काम दुप्पट कठीण होतं. जिथे चरबी राहील तिथे फुगणार नाही, तेवढी जागा चिवट राहील.

पुढची पायरी वाळवणं. ओव्हन ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, कातडी जाळीवर, सहा-आठ तास. तुकडा काळपट पिवळा, अर्धपारदर्शक होतो आणि मोडला तर प्लॅस्टिकसारखा 'कट्' आवाज येतो. आत थोडंसं पाणी उरलेलंच असतं आणि तेच आपल्याला हवं असतं. १९० ते २०० अंशांच्या तेलात जिलेटिन क्षणात मऊ पडतं, आतल्या पाण्याची वाफ होते, वाफ त्या मऊ जाळीला फुगवते आणि बाहेर काढताच गार होऊन ती फुगलेल्या आकारातच घट्ट होते. पाणी जास्त राहिलं तर रबर. फार वाळवलं तर वाफच कमी पडते आणि फुलणं अर्धवट राहतं.

म्हणून सगळा घाणा एकदम टाकू नका. एक छोटा तुकडा आधी सोडा. तो तळाशी जातो, काठ वळतात, मग कडेकडून आत पांढरं होत दहा-पंधरा सेकंदांत तिप्पट-चौपट होतो. मधोमध काचेसारखा ठिपका राहिला तर बाकीचे तुकडे अजून तासभर वाळवा. एकदा मी कंटाळून दमट तुकडे तसेच सोडले होते. त्या तेलाचे डाग भिंतीवर बरेच दिवस राहिले. हात वाचला हे नशीब.

वाळवलेल्या, न तळलेल्या तुकड्यांना पेलेट म्हणतात. मायक्रोवेव्हमध्ये तेलाविना फुलवायचे पेलेटही मिळतात. चवीला थोडे फिके, पण ताजे आणि कमी चरबीचे.

३. पाकिटावर १०० ग्रॅममागे ६१ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय! म्हणजे चिकनपेक्षा भारी?

आकडा खरा आहे, अर्थ मात्र तो नाही. साध्या पोर्क रिंडमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ५४५ कॅलरी, ६१ ग्रॅम प्रथिनं, ३१ ग्रॅम मेद आणि शून्य कर्बोदकं असतात. अडचण अशी की ही प्रथिनं जवळजवळ सगळी कोलॅजेनची आहेत.

आपल्या शरीराला काही अमिनो आम्लं बाहेरूनच मिळवावी लागतात. त्यातलं ट्रिप्टोफॅन कोलॅजेनमध्ये अजिबात नसतं आणि इतर काही फार कमी असतात. उलट ग्लायसिनची रेलचेल, साखळीतलं जवळपास दर तिसरं अमिनो आम्ल तेच. पण ग्लायसिन शरीर स्वतःही बनवतं. प्रथिनांचा दर्जा मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत ज्याची सर्वात जास्त टंचाई त्यावर गुण ठरतात, म्हणून निव्वळ कोलॅजेनला शून्य गुण मिळतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रिंडच्या पाकिटावर बारीक अक्षरांत 'हा प्रथिनांचा महत्त्वाचा स्रोत नाही' अशा अर्थाची ओळ दिसते ती याचमुळे. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत प्रोटीनचा आकडा, मागे बारीक अक्षरांत कबुली.

मग ही प्रथिनं वाया जातात का? तसं नाही. जेवणात दुसरीकडून ट्रिप्टोफॅन आलं, म्हणजे अंडं, डाळी, मासे, साधं मांस, तर कोलॅजेनची अमिनो आम्लंही वापरली जातात. फिलिपिन्समध्ये मुगाच्या कालवणावर चिचारोन कुस्करून घालतात. पोषणाच्या हिशेबानेही ती जोडी चांगली आहे. फक्त दिवसाच्या प्रथिनांची बेरीज करताना रिंडचा आकडा पूर्ण धरू नका. मी तर धरतच नाही.

जर्की आणि फ्लॉस मांसाचे असल्यामुळे त्यांची प्रथिनं पूर्ण दर्जाची असतात. शिवाय डुकराचं मांस हे ब१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, उत्तम स्रोत मानलं जातं. उष्णतेने त्यातलं काही कमी होतं, तरी बरंच टिकतं. कातडीकडून ही अपेक्षा ठेवू नका.

४. कार्ब शून्य आहेत, म्हणजे कितीही खाल्लं तरी चालेल ना?

एक पाकीट हातात घेऊन हिशेब करू. समजा ७० ग्रॅमचं आहे, संध्याकाळी गप्पा मारता मारता संपणारं. कॅलरी सुमारे ३८०, मेद २२ ग्रॅम, सोडियम १,२७० मिलिग्रॅमच्या आसपास. बटाट्याच्या चिप्सही वजनाला वजन जवळपास एवढ्याच कॅलरी देतात. फरक असा की तिथे निम्मं वजन कर्बोदकांचं असतं, इथे त्या जागी कोलॅजेन आहे. रक्तातली साखर मोजणाऱ्यांना हा फरक खरोखर कामाचा आहे. वजन मोजणाऱ्यांना फारसा नाही.

रिंडचा फायदा एकच: ते हवेने भरलेलं असल्यामुळे थोड्या वजनात वाटी भरते. तोटाही तोच, थोडंच खाल्ल्यासारखं वाटतं. वाटीत काढून घ्या, पाकीट बंद करून आत ठेवा. बार्बेक्यू किंवा आंबटगोड चवीच्या रिंडमध्ये साखर आणि स्टार्च असू शकतात, तिथे 'शून्य' गृहीत धरू नका.

५. रक्तदाब आहे. यातलं काय चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. वरच्या प्रश्नातलं एक पाकीट त्यातला जवळपास दोन तृतीयांश वाटा खाऊन टाकतं. जर्की आणि बाक्वाही खारटच. पाणी उडून गेल्यावर मीठ मागेच राहतं आणि एकवटतं. गोड बाक्वा जिभेला खारट लागत नाही, पण त्यात सोया सॉस भरपूर असतो.

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर बिनमिठाचे पेलेट आणून घरी फुलवणं हा एकच सरळ मार्ग मला दिसतो. फुलवल्यावर मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वरून लिंबाच्या सालीचा कीस. मिठाची उणीव आंबटपणाने बरीच झाकली जाते.

६. डुकराची चरबी म्हणजे सगळी वाईटच ना?

रिंडमधल्या ३१ ग्रॅम मेदातले सुमारे ११ ग्रॅम संपृक्त असतात. निम्म्याच्या आसपास मेद एकल-असंपृक्त असतो, म्हणजे ऑलिव्ह तेलात मुख्यत्वे असतो त्या जातीचा. म्हणून ते ऑलिव्ह तेल होत नाही, पण 'निव्वळ विष'ही नाही. क्रॅकलिंगमध्ये चरबीचा थर असल्याने मेद बराच जास्त. उत्पादकाने कोणत्या तेलात तळलं त्यानेही आकडे बदलतात, पाकीट उलटून बघा.

७. जर्की तर हेल्दी असते ना? जिमवाले सगळे खातात.

कोरडी, बिनचरबीची, प्रथिनांनी भरलेली, इथपर्यंत कौतुक योग्य आहे. पण घटकांची यादी वाचा. त्यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. मांसानंतर लगेच साखर, ब्राऊन शुगर किंवा मध असेल तर ती जर्की मिठाईच्या वाटेवर आहे. बाक्वा त्या वाटेवर कधीच पुढे निघून गेला आहे. त्याची ती चकाकी आणि काठावरची करपलेली गोडी साखरेचीच. मी बाक्वा आवडीने खातो, पण मिठाई समजून: एक तुकडा, चहाबरोबर.

फ्लॉसबद्दल एक वेगळीच सूचना. स्वस्त फ्लॉसमध्ये वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असतं. त्यात विषारी काही नाही, पण प्रथिनं घटतात, कर्बोदकं वाढतात आणि तोंडात रेशमी न लागता पिठूळ लागतं.

८. प्रक्रिया केलेल्या मांसाने कर्करोग होतो म्हणतात. हे त्यात येतं का?

जर्की आणि बाक्वा निःसंशय येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होण्याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात. रोज ५० ग्रॅम खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज आहे.

इथे दोन गैरसमज हमखास होतात. तंबाखूही त्याच गटात आहे, पण गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचं प्रमाण नाही. जर्की सिगारेटइतकी घातक आहे असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरं, १८ टक्के ही मूळ धोक्यावरची वाढ आहे. शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होईल असं कुणी म्हटलेलं नाही.

खारवणं, मुरवणं, धुरी देणं अशा प्रक्रिया त्या व्याख्येत मोडतात. रिंड ही तळलेली कातडी असल्यामुळे ती व्याख्येच्या काठावर आहे. पण काठावर आहे म्हणून रोज खायची सवलत मिळाली असं मी मानत नाही. अधूनमधून खाणं आणि रोज डब्यात असणं, फरक तिथेच पडतो.

९. 'नायट्राइट घातलेलं नाही' असं लिहिलेली जर्की जास्त चांगली का?

पुढची ओळ वाचा. तिथे बऱ्याचदा 'सेलरी पावडर' असते. सेलरीत नैसर्गिक नायट्रेट असतं आणि प्रक्रियेत त्याचं नायट्राइटच होतं. शेवटी मांसात रेणू तोच. नायट्राइट रंग गुलाबी ठेवतं आणि बोट्युलिझम या घातक अन्नविषबाधेच्या जंतूंना रोखतं, म्हणून ते घातलेलं असतं. ते टाळायचंच असेल तर साध्या, बिनमुरवणीच्या प्रकारांकडे वळा. लेबलवरच्या शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नका.

१०. ब्रेडक्रम्ब्सऐवजी रिंडचा चुरा वापरला तर कटलेट जळालं. कुठे चुकलं?

चुरा आधीच तळलेला होता, हे विसरलात. कोरडे ब्रेडक्रम्ब्स तेल पितात आणि हळूहळू लालसर होतात. रिंडच्या चुऱ्यात तेल आधीच आहे, तो तापल्या तेलात पाहता पाहता काळा पडतो. त्यामुळे खोल तेलात तळू नका. ओव्हनमध्ये १८० अंशांच्या आसपास भाजा किंवा तव्यावर मध्यम आचेवर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी शेका.

चुरा करताना मिक्सर नको, लगेच पीठ होतं आणि लगदा बसतो. जाड पिशवीत घालून लाटणं फिरवा, रव्यापेक्षा जाडसर ठेवा. मांस किंवा मासा आधी पुसून कोरडा करा, फेटलेल्या अंड्यात बुडवा, मग चुऱ्यात दाबा. दहा मिनिटं तसंच ठेवलं तर आवरण सुटत नाही. आतल्या मिश्रणात मीठ निम्मं करा. पहिल्यांदा करणारे सगळे इथेच फसतात.

मीटबॉलमध्येही चुरा चालतो. तिथे तो थोड्या दुधात किंवा रश्शात भिजवून घाला. जिलेटिन पाणी धरून ठेवतं आणि गोळे मऊ राहतात.

११. मेक्सिकोत म्हणे चिचारोन रश्शात शिजवतात. कुरकुरीत वस्तू मऊ करून काय मिळतं?

मलाही आधी हेच वाटलं होतं. मग खाल्लं.

फुललेलं रिंड म्हणजे स्पंज. साल्सा व्हेर्देत, म्हणजे तोमातिय्यो (टोमॅटोसारखं दिसणारं आंबट हिरवं फळ), हिरवी मिरची, कांदा, लसूण आणि कोथिंबिरीच्या आंबट हिरव्या रश्शात, ते टाकलं की प्रत्येक पोकळीत रस्सा शिरतो. काही मिनिटांत कडकपणा जातो आणि उरतं ते मऊ, लिबलिबीत, रसाने भरलेलं काहीतरी, दाताखाली हलकेच दबणारं. टॉर्टियाबरोबर न्याहारीला खातात. थोडं मांस चिकटलेले जाड तुकडे यासाठी उत्तम, निव्वळ हवेचे पातळ तुकडे विरघळल्यासारखे होतात. तोमातिय्यो नसतील तर आंबटसर हिरवे टोमॅटो भाजून वाटा. चव तीच नाही येणार, पण जवळ जाईल.

थोडं उरलं तर दुसऱ्या दिवशी खाऊ नका असं मी म्हणेन. रात्रभरात रिंड सगळा रस पिऊन चिकट गोळा होतं.

कुरकुरीतच ठेवायचं असेल तर उलटा क्रम: शेवटच्या क्षणी वरून. फिलिपिन्समध्ये 'पालाबोक' नावाच्या शेवयांच्या पदार्थावर कुस्करलेलं चिचारोन असंच भुरभुरवतात, आणि नुसतं खाताना लसूण-मिरची घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवतात. आंबटाने तुपकटपणा कापला जातो. उत्तर थायलंडमध्ये 'नाम प्रिक नुम' ही भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची कुटलेली चटणी खॅप मूने उचलून खातात. पोर्तो रिकोच्या मोफोंगोमध्ये तळलेली कच्ची केळी, लसूण आणि चिचारोन एकत्र कुटतात. हंगेरीत चरबी कढवून उरलेले तुकडे वाटून पिठात मळतात आणि त्याचे खुसखुशीत 'पोगाचा' भाजतात. यातला मोफोंगो घरी करून बघाच, उखळ-मुसळ असेल तर अर्धं काम झालंच.

१२. पोर्क फ्लॉस नुसता खायचा की कशावर?

कोरडा आणि गोडसर-खारट असल्यामुळे त्याला मऊ, फिकी सोबत लागते. तांदळाची पातळ पेज ही त्याची पारंपरिक जोडी. तैवानमध्ये चिकट भाताच्या गुंडाळीत तो भरतात. मऊ पावावर मेयोनीज लावून त्यावर फ्लॉस दाबला की बेकरीतला तो लोकप्रिय बन तयार. वाढायच्या आधीच घाला, वाफेने लगेच चिंब होतो. घरी करायचा तर किलोभर मांसाचा पाव किलोही मिळत नाही आणि परतताना हात भरून येतो. विकतचाच बरा, असं माझं प्रामाणिक मत.

१३. कडक जर्की शिल्लक आहे. स्वयंपाकात वापरता येईल?

येईल, मसाला समजून. कात्रीने बारीक कापा, कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा आणि ते पाणी न फेकता बीन्स, सूप किंवा भातात घाला. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. अंड्याच्या भुर्जीतही छान लागते. गोड चवीची जर्की मात्र रश्शात विचित्र लागते, ती नुसतीच खा.

१४. घरी उन्हात वाळवून जर्की केली तर?

फक्त उन्हावर किंवा नुसत्या पंख्यावर करू नका. वाळवल्याने जंतूंची वाढ थांबते, ते मरतीलच असं नाही. आणि इथे एक फसवी गोष्ट घडते: मांसातलं पाणी उडत असतं तोपर्यंत बाष्पीभवनाने मांस थंडच राहतं. वाळवण्याच्या यंत्राचा आकडा ६० अंश दाखवतो, मांस त्याच्या बरंच खाली असतं. पाणी संपून ते तापेपर्यंत उरलेले जंतू कोरडे होऊन उष्णतेला जास्त चिवट झालेले असतात.

म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा की मांस आधी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं आणि मगच ५५ ते ६० अंशांवर वाळवावं. सोपी रीत: मुरवलेल्या पट्ट्या त्यांच्याच पाण्यात उकळी येईपर्यंत तापवा, एक पट्टी चिमट्याने उचलून थर्मामीटरने तपासा, निथळा, जाळीवर पसरा. रंग गुलाबी राहत नाही, पोतही थोडा भुसभुशीत होतो. ती किंमत मोजावी.

तुकडा बिनचरबीचाच निवडा, मांडीचा किंवा पाठीचा. चरबी वाळत नाही, खवट होते. पट्ट्या अर्धवट गोठवून कापल्या तर पातळ आणि सारख्या निघतात, ५ मिलिमीटरच्या आसपास. झालेली पट्टी वाकवली तर भेगाळते पण तुटत नाही, दाबली तर ओल लागत नाही. एक किलो मांसाची ३५० ते ४५० ग्रॅम जर्की होते. घरची जर्की फ्रीजमध्ये ठेवा. कारखान्यात ओलाव्याचं मोजमाप यंत्राने होतं, आपल्याकडे फक्त बोटं असतात.

१५. मांस फ्रीझरमध्ये ठेवलं की त्यातले कृमी मरतात, मग तापवायची काय गरज?

ट्रिकिनेला या कृमीपुरतं हे अर्धं खरं आहे. १५ सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडा उणे १५ अंश सेल्सिअसला २० दिवस ठेवला तर पाळीव डुकराच्या मांसातला ट्रिकिनेला मरतो. पण रानडुकराच्या किंवा अस्वलाच्या मांसात थंडी सहन करणाऱ्या जाती असू शकतात, तिथे ही युक्ती चालत नाही. आणि साल्मोनेलासारखे जंतू गोठवून संपत नाहीत, झोपतात. खारवणं, धुरी देणं, वाळवणं यांवरही कृमींच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. तापवणं हाच खात्रीचा उपाय, रीत प्रश्न १४ मध्ये आहे.

१६. पाकीट उघडल्यावर नरम पडलं / पांढरं काहीतरी दिसतंय / केस दिसतोय. फेकू का?

नरम पडलेलं रिंड वाईट नसतं, त्याने हवेतली ओल घेतलेली असते. १५० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवा, पूर्ण गार होऊ द्या. कुरकुरीतपणा गार झाल्यावरच परततो.

जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास आला तर चरबी खवट झाली आहे, भाजून उपयोग नाही. फेका.

जर्कीवरचे कोरडे पांढरे कण बहुधा मिठाचे असतात. केसाळ, मऊ किंवा हिरवट असेल तर बुरशी, आणि मग अख्खं पाकीट कचऱ्यात. तेवढाच भाग कापून उरलेलं खायचं नाही. आतली छोटी पुडी लोखंडाच्या भुकटीची असते, ती ऑक्सिजन शोषून घेते. ती खायची नाही.

रिंडवरचा राठ केस हा डुकराचाच. किळस येऊ शकते, अपाय नाही.

१७. गरोदरपणी चालेल का? आणि काही औषधं चालू असतील तर?

पूर्ण शिजवून मग वाळवलेले किंवा तळलेले प्रकार, म्हणजे रिंड आणि फ्लॉस, जंतूंच्या दृष्टीने कमी काळजीचे. मिठाचं भान ठेवा. घरगुती जर्की आणि न शिजवता मुरवून वाळवलेलं कोणतंही मांस गरोदरपणी टाळा, कारण लिस्टेरिया हा जंतू आणि टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी. आपल्या डॉक्टरांशी बोला.

नैराश्यासाठी किंवा पार्किन्सनसाठी एमएओ इनहिबिटर गटातली गोळी चालू असेल तर मुरवलेल्या, वाळवलेल्या मांसातलं टायरामीन हे रसायन रक्तदाब अचानक चढवू शकतं. गोळी लिहून देणाऱ्याला विचारल्याशिवाय जर्कीला हात लावू नका.

दात किंवा कवळी नाजूक असेल तर स्क्रॅचिंगपासून लांब राहा, ते रिंडसारखे विरघळत नाहीत.

१८. कुत्र्याला एखादं दिलं तर?

नको. मसाल्यात बऱ्याचदा कांदा-लसणाची पूड असते, ती कुत्र्यांना विषारी आहे. शिवाय इतकी चरबी एकदम पोटात गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्र्यांसाठी म्हणून विकले जाणारे वाळवलेले डुकराचे कानही बेफिकीर हाताळू नका. २०१९ मध्ये अमेरिकेत त्यांच्यामुळे माणसांत साल्मोनेलाची साथ पसरली होती. हात धुवा.

१९. परदेशातून येताना सीलबंद बाक्वा किंवा जर्की बॅगेत आणली तर काय बिघडतं?

बरंच काही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो आणि खारवलेल्या-वाळवलेल्या मांसात महिनोन् महिने टिकतो. एखाद्याने अर्धं खाऊन फेकलेला तुकडा खरकट्यातून डुकरांच्या पुढ्यात गेला की साथ सुरू. ऑगस्ट २०१८ मध्ये हा रोग चीनमध्ये पोहोचल्यावर तैवानने त्याच वर्षी डिसेंबरपासून बाधित भागातून मांसाचे पदार्थ आणणाऱ्या प्रवाशाला पहिल्या वेळी २ लाख तैवानी डॉलर आणि पुन्हा सापडल्यास १० लाखांपर्यंत दंड ठेवला. युरोपीय संघाबाहेरून तिथे प्रवाशाला मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात जाहीर न करता नेलेलं पाकीट महागात पडतं.

'सीलबंद आहे', 'विमानतळावरच घेतलंय' ही कारणं चालत नाहीत. जिथे घेतलं तिथेच खाऊन संपवा, किंवा नियम वाचून जाहीर करा.

२०. चुरा वापरलेला पदार्थ पाहुण्यांना देताना सांगायला हवं का?

हो, आणि न विचारता. मुस्लिम, ज्यू आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि भाजलेल्या आवरणात ब्रेड आहे की रिंड हे डोळ्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी वेगळं करत असाल तर तेलही वेगळं घ्या.